डोळ्यातली सुई

प्रिय इंद्रजित,

फोनवर आईच्या डोळ्याचं काढलं की तू लगेच पावसापाण्याचं विचारतोस, म्हणून हे पत्र.

डोळ्यात सुई देतात एवढंच तुला माहीत आहे. आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, पिवळसर औषधाने पापण्या पुसतात. चेहऱ्यावर भोकाचं हिरवं कापड, डोळा मिटू नये म्हणून तारेचा चिमटा. बुबुळापासून किती अंतरावर टोचायचं ते डॉक्टरीणबाई मोजून घेतात, वर बघायला सांगतात आणि सुई पांढऱ्या भागात जाते. घाबरेपर्यंत झालेलंही असतं. पहिल्या वेळी बाहेर मीच रडत होते. आई आली ती म्हणत, "कापूस वेचताना बोंडाचं टोक रुतते ना, त्याच्याहून कमीच."

उजवा डोळा शुगरने आधीच गेला होता. डाव्याच्या पडद्यावर सूज होती, तो वाचवायचा होता. काही सुयांनंतर आईने तुरीच्या डाळीतले खडे स्वतः निवडले. मग पुढच्या तारखेला बाकावर जमनी भेटली, कोलामांच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची. त्या दिवसाचे नंबर संपले होते. आईने आपला नंबर तिच्या हातात ठेवला. मी अडवलं, तर म्हणाली, "तिले समोरची भिंत दिसत नाही. मले दिसून राह्यलं, मंग मी कायले जागा अडवू?"

विहिरीवर दुसरीची घागर पुढे सरकवावी तसं केलं तिने. नंतर वेचणी आली. मी दोनदा तारीख आणली. दिसत असताना टोचून घेणं तिला पटेना. एका सकाळी म्हणाली, डोळ्यात काजळ सांडलं. आत रक्त उतरलं होतं, पडदा सुटला होता. नागपूरलाही दाखवलं. आता सुईचा उपयोग नाही, ऑपरेशनचाही नाही.

जमनीला दिसतं. बाजाराच्या दिवशी ती घरी येते. आई विचारते, "पाहून सांग वं, म्हातारी दिसतो काय मी?" जमनी म्हणते, "लय." दोघी हसतात. मी आत निघून जाते.

परवा पायलचा फोन आला. अंधार पडला की तू गाडी काढत नाहीस, मोबाइल तिरका धरून वाचतोस, शुगर तपासायला जात नाहीस. तिने फार म्हटलं तेव्हा म्हणालास, "आईनं सुया घेऊन काय झालं?" तुझ्या बायकोने ते मला सांगितलं, त्याचं उत्तर मी देते. आईचा डोळा सुयांनी गेला नाही, सुया थांबल्या म्हणून गेला. आईला तुझं काही कळू दिलेलं नाही. तू येशील असं मला वाटत नाही. तरी मंगळवारी सकाळी यवतमाळच्या बसस्टँडवर उभी राहीन. डोळे दाखवायला उपाशी यावं लागत नाही, काहीतरी खाऊन ये.

तुझीच,
साधनाताई