चार ओळी खालचा टाका

सोमवार, २ नोव्हेंबर

सामान सुखरूप पोचलं, देवाची कृपा. दोन खाटा, कपाट, शिलाई मशीन, भांड्यांची तीन खोकी. गाडीभाडं चाळीस, हमाली बारा. एक कप फुटला. त्याचा कान आधीच तुटका होता, तेव्हा तो हिशेबात धरत नाही. येता येता बाजारातून पिस्ता रंगाची लोकर घेतली, साडेसातची. जरा महाग पडली, पण धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेत. तिनं पत्रातून बजावलंय की मावशीच्या हातचं स्वेटर आलं नाही, तर बाळाला उघडंच ठेवीन. वात्रट कुठली!

यांना गिरणीत हिशेबनिसाची जागा मिळाली. सकाळी जातील ते दिवेलागणीला येतील. घर दोनच खोल्यांचं, पण उजेडाचं. खिडकीशी माझी खुर्ची मांडली. इथे छान चालेल विणकाम.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

घर लागलं. आई म्हणायची, हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे. तिचा हात आमच्या विणकामावरून फिरला, की मात्र सगळं उसवूनच यायचं. चार ओळी खाली गेलेला टाका तिला दारातून दिसायचा. आवाज चढवायची नाही. चुकलेलं ठेवायचं नाही, बाई, एवढंच म्हणायची. धाकटी खो खो हसून चुकलेलंच घालून हिंडायची. मी उसवायची. आईला जाऊन सहा वर्षं झाली.

शेजारीण येऊन गेली. म्हणाली, घर आहे की दवाखाना, बसायचीसुद्धा भीती वाटते! मीही हसले. ती उठल्यावर चादरीची सुरकुती काढत होते, तेवढ्यात तिनं दारातून वळून पाहिलं. ती वळली नसती तर बरं झालं असतं.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

एक विचित्र झालं. जेवून खुर्चीतच डोळा लागला. उठून पाहते तो स्वेटरची पाठ चार ओळी उसवलेली, आणि लोकर नीट गुंडाळून टोपलीत ठेवलेली. दोन्ही दारांना आतून कडी. मांजर म्हणावं, तर मांजर गुंता करतं, गुंडा नाही करत.

उसवण थांबली होती तिथे निरखून पाहिलं. एक टाका उलट हवा होता, तो सुलट पडला होता. ज्यानं कोणी उसवलं, त्याचं बरोबर होतं.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कोणीतरी लक्ष देतंय.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

आता रोज. सकाळी विणावं, दुपारी उसवलेलं. दर वेळी मी चूक शोधते आणि दर वेळी ती सापडते. बाही तर तीनदा घातली. शेजारीण पुन्हा आली नाही.

नुसतं विणकामच नाही. घड्या घातलेले कपडे विस्कटून पुढ्यात. धाकटीला लिहिलेलं पत्र फाटलेलं, अगदी जिथे खाडाखोड होती तिथपासून. यांना सांगितलं नाही. काय सांगू? की घरात कोणीतरी आहे, आणि त्याला माझं काहीच पसंत पडत नाही?

मंगळवार, २४ नोव्हेंबर

एक युक्ती सापडली. काही केलंच नाही, तर काही उसवत नाही.

आज झोपूनच होते. केस विंचरले नाहीत. प्रार्थनेला बसले, एक शब्द चुकला, पहिल्यापासून म्हटली, पुन्हा चुकला. मग सोडली. देवाशी एवढा अबोला कधी धरला नव्हता.

स्वयंपाक यांनी केला. भाजी करपली. हे म्हणाले, कोळसा दातांना चांगला असतो, आणि पोटभर जेवले. माणूस करपलेलं असं हसत कसं खाऊ शकतं? मला रडू फुटलं. यांना वाटलं, भाजीमुळे.

सोमवार, ३० नोव्हेंबर

हे आज दुपारीच आले. मागचं दार उघडं राहिलं होतं, तिथून. मी खुर्चीत उसवत बसले होते म्हणे.

मी. डोळे उघडे होते म्हणे. आणि हळू आवाजात कोणाला तरी बाई, बाई म्हणत होते. हे म्हणतात, तुझं मन थकलंय गं, डॉक्टरांकडे जाऊ. फार मायेनं म्हणाले.

खोटं ठरावं म्हणून नखं पाहिली. नखांत पिस्ता रंगाचे तंतू.

शुक्रवार, ४ डिसेंबर

धाकटीचं पत्र. मुलगी झाली. दोघी खुशाल. डावा कान जरासा दुमडलेला आहे, तुझ्या त्या तुटक्या कानाच्या कपासारखा, लिहिते. आणि हसते. पत्रातसुद्धा ऐकू येतं तिचं हसणं.

तेराला रविवारी येतेय, बाळाला घेऊन. महिनाभर राहीन म्हणते. दुपारी बाळ तुझ्या मांडीवर टाकून मस्त झोपणार.

दुपारी.

वाचता वाचता माझी बोटं हलली.

सोमवार, ७ डिसेंबर

येऊ नकोस म्हणून लिहिलं. फाटलं. पुन्हा लिहिलं — फाटलं. यांना लिहायला सांगितलं, तर म्हणाले, उलट येऊ दे तिला, तुला माणूस हवंय.

माणूस हवंय. खरंच हवंय. म्हणूनच तर —

सुया विहिरीत टाकल्या. बोटं कुठे टाकू?

मंगळवार, ८ डिसेंबर

धाकटे, हे वहीचंच पान फाडून पाठवतेय. पोस्टमन कोपऱ्यावर दिसतोय. वाचून पाहणार नाही. वाचलं तर चूक दिसेल.

येऊ नकोस. बाळाला आणू नकोस. कानाला हात लावू देऊ नकोस कोणाला, तो तसाच तसाच छान आहे. तू चुकलेलं घालून हिंडायचीस, मला किती आवडायचं ते. कधी सांगितलं नाही.

माझ्याकडून स्वच्छ, बिनखाडाखोडीचं पत्र आलं, ये म्हणून — तर निघू नकोस. ते माझं नव्हे.

वर एक शब्द दोनदा पडलाय. दिसला मला. राहू दे. राहू दे, बाई — लिहिता हात पान फाडायला बघतोय, धरून ठेवलंय दुसऱ्या हा—

उलट टपाली कळव, एकच ओळ, कशीही लिही, की तू निघाली ना