भुताच्या घरचं हिरवं सरबत

अहो,

तुमचं नाव लिहून सुरुवात करावी म्हटलं, पण चारचौघींनी दारात अडवून धरल्याशिवाय ते कधी तोंडातून निघालं नाही, आता कागदावर कसं निघणार? म्हणून आपलं नेहमीचंच, अहो. वाचायला तुम्ही नाही हे मला कळतं. तरी लिहितेय, कारण काल जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील.

काल आपलं क्वार्टर बघायला एक नवराबायको आले होते. मी पुढच्या महिन्यात इथून निघणार, नाशिकरोडला भावाच्या शेजारी खोली बघितली आहे. त्यामुळे हे घर आता त्यांना मिळायचं आहे. मुलगा तुमच्याच बॉयलरच्या खात्यात नवा लागलाय. मुलीचं नाव सुरेखा, विशी-बाविशीची, पोट दिसायला लागलेलं. तो आत येऊन नळ सोडून बघत होता आणि ती उंबऱ्याबाहेर उभी. मी म्हटलं, "ये ना गं, पाणी तरी घे." तर पोटावर हात ठेवून म्हणते, "नको काकू, मी इथंच बरी."

माझ्या लगेच लक्षात आलं. नळावरच्या बायकांनी तिचे कान भरले होते. त्या घरात एक माणूस झोपेत गेलाय, तो अजून तिथून हलत नाही म्हणे!

तो माणूस म्हणजे तुम्ही! आपल्या घरातलं भूत आता तुम्ही झालात. ऐकून पोट धरून हसला असतात. मीही आधी हसले. मग ते दोघं गेल्यावर दार लावून घेतलं आणि रडत बसले.

आपण आलो तेव्हा तरी काय वेगळं होतं? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत क्वार्टर मिळावं म्हणून लोक साहेबांच्या मागे मागे फिरायचे, आणि हे एकच रिकामं पडलेलं. तुम्ही अर्ज केला आणि लगेच मिळालं! तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण पत्र्याच्या खोलीतून निघायच्या आनंदात मी काही विचारलंच नाही. सामान लावून होतंय न होतंय तोच समोरच्या वनितावहिनी कुंपणाशी आल्या. "आवो, तुम्हाला कोणी बोललं नाय का? इथं बाळंतीण गेलीय, बाळासकट. ती पोरं टिकू देत नाय घरात. लय वाईट जागा हाय."

माझं माहेर सिन्नरकडचं. अशी बाई गेली की तिची हडळ होते, हे मी आईच्या मांडीवर ऐकलेलं. तुम्ही ड्यूटीवरून आलात, ऐकून घेतलंत, आणि विचारलंत काय, तर "नाव काय होतं त्या बाईचं?"

कोणालाच ठाऊक नव्हतं! सगळी कॉलनी तिला घाबरायची आणि नाव एकालाही सांगता येईना. तुम्ही खात्यातल्या जुन्या माणसांना विचारत राहिलात आणि एक दिवस येऊन सांगितलंत, "कमल. ओझरची होती. आता हडळ म्हणायचं नाही, कमलताई म्हणायचं." त्या बुद्धपौर्णिमेला तुम्ही विहारात तिच्या नावाची मेणबत्ती लावलीत. माझी भीती गेली नाही, पण निदान तिला नाव आलं.

मग वर्षं गेली आणि पाळणा काही हलला नाही. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, दोष कोणातच नाही म्हणाले. पण लोकांना कारण आयतं मिळालेलं होतं, हे घर. बारशाला मला बोलावणं यायचं नाही. वनितावहिनींची मनीषा रांगायला लागली तेव्हा आपल्या पायरीपर्यंत यायची, की वहिनी धावत येऊन उचलून न्यायच्या. ते मला फार लागायचं. मूल नव्हतं त्याहून ते जास्त लागायचं, हे तुम्हाला मी कधी बोलले का? बोलले नसेन. तुम्हाला न सांगता कळायचं.

त्यातच आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या आईंनी, गावाकडून काढ्याची बाटली पाठवली. सुनेनं सकाळ-संध्याकाळ घ्यायची. मी झाकण उघडलं आणि वासानंच उमळलं. तुम्ही बाटली हातातून घेतलीत. "औषध घरात आलंय ना? कोणीतरी प्यायल्याशी कारण!" आणि ग्लासात ओतून घटाघटा प्यायलात. बायकांचा काढा! दोन दिवस डबा घेऊन पळत होतात, पण दिवस काही गेले नाहीत तुम्हाला. हे सांगून सांगून मी सगळ्यांना हसवायची आणि तुम्हीच सगळ्यात जास्त हसायचात.

पण तेव्हापासून तुम्ही एक केलंत. कोणीही विचारलं, "काय मग, काही गोड बातमी?" की माझ्याआधी तुम्ही उत्तर द्यायचात, "चाललंय ना औषध. मला." कॅन्टीनमध्ये, नळावर, लग्नाच्या पंगतीत. त्या काळात कोणता पुरुष असं चारचौघांत बोलायचा? मागून तुम्हाला काय काय म्हणत असतील! मला मात्र त्या दिवसापासून कोणी वाकडं बोललं नाही. पुढच्या खोलीतल्या खुर्चीत आता एकटी बसते ना, तेव्हा तुमची ही एक गोष्ट आठवून आठवून मला भरून येतं.

आणि मग तुम्हाला खरंच नाद लागला! पंचवटीतल्या कोणा निसर्गोपचारवाल्याकडे जायला लागलात आणि घरात रसांची जत्रा सुरू झाली. कारल्याचा रस, दुधीचा रस, कोहळ्याचा रस, शेवग्याच्या पाल्याचं पाणी. चहा बंद! मलाही चव घ्यायला लावायचात आणि तोंडाकडे बघत बसायचात, जसं काही मी परीक्षेचा निकाल सांगणार आहे. दुधीचा बरा लागला. कारल्याचा मी मोरीत ओतायची. तुम्हाला माहीत होतं ना? मोरीकडे बघून हसायचात तेव्हाच मला वाटायचं.

गव्हांकुरांनी मात्र कहर केला. मागच्या अंधाऱ्या खोलीत डालड्याच्या डब्यांत माती घालून तुम्ही गहू पेरलेत. वीतभर वाढले की कापायचे, पाट्यावर वाटायचे, फडक्यातून पिळायचे आणि तो हिरवागार रस प्यायचा. एकदा दूधवाल्यानं मागच्या खिडकीतून डोकावलं. आत ओळीनं उगवलेलं गवत, आणि मधे तुम्ही उघडेबंब, तोंड हिरवं, त्याच्याकडे बघून हसताय! त्यानं दुधाचं माप तिथंच टाकलं. दुपारपर्यंत कॉलनीभर झालं, त्या घरात गवत उगवतं आणि बाप्या आता माणसांत राहिला नाही.

मी त्या दिवशी खूप भांडले तुमच्याशी. म्हटलं, इथं आधीच कोणी पाऊल टाकत नाही, आता तर रस्ता बदलून जातील. तुमच्या रसांनी माझं घर पुरतं वाळीत टाकलं. मला नाही राहायचं इथं. तुम्ही गव्हांकुरांचे डबे ओळीनं सारखे केलेत. मग म्हणालात, "शकू, भुताचा बंगला म्हणतात ना? मग करूच या भुताचा बंगला. जत्रेत तिकीट काढून बघतात लोक. आपण फुकट दाखवू."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार ठरला. विकत काही आणायचं नाही, ही तुमची अट. रसांसाठी आणलेले कोहळे आणि लाल भोपळे होतेच. गर काढून रस करायचा आणि कवटीला डोळे, नाक, दात कोरून आत पणती ठेवायची. तुम्ही सुरी माझ्या हातात दिलीत. माझ्या माहेरी अख्खा कोहळा बाईनं फोडायचा नाही, आधी पुरुषानं सुरी लावायची. मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही मुद्दाम पाठ फिरवून डबे धुवायला लागलात. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी मी डोळे मिटून सुरी घातली. काहीच झालं नाही! आत नुसत्या बिया. त्या कोहळ्याला मी असे दात काढले की तुम्हीच दचकलात.

नंतर काय अंगात आलं होतं दोघांच्या! फुटक्या माठांना चुना फासून मुंडकी केली, नारळाच्या शेंड्यांचे केस लावले. सायकलच्या जुन्या ट्यूबचा साप केला. फ्यूज बल्बांवर काळी बुबुळं काढून दोऱ्यानं टांगली. माझं जुनं पांढरं पातळ फाडून लटकवलं. आणि सगळ्या गावाला वीज पुरवणाऱ्या वसाहतीत आपण भर दुपारी खिडक्यांना गोणपाटं ठोकून अंधार केला. मी विचारलं, हिरव्या साडीची, उलट्या पावलांची एक करायची का? तुम्ही एकदम गंभीर झालात. "नाही. कमलताईची थट्टा नाही करायची. ती आपल्या आधी राहत होती इथं, एवढंच." असे होतात तुम्ही. तेवढ्या धांगडधिंग्यातही कुठं थांबायचं ते तुम्हाला बरोबर कळायचं.

दारावर पाटी लावली, "भुताचा बंगला. लहान मुलांना प्रवेश. मोठ्यांनी घाबरू नये." दुपार टळत आली तरी कोणी येईना. पोरं रस्त्यापलीकडे घोळका करून उभी, आया कठड्यावरून बघतायत. आज कोणी आलं नाही तर कधीच येणार नाही, हे मला कळून चुकलं. तुम्ही हिरव्या तोंडानं दारात उभे, हसू जरा सुकत चाललेलं. मी म्हटलं, "चला आत. काढून टाकू सगळं."

तेवढ्यात मनीषा निघाली. फ्रॉकच्या खिशात दोन्ही हात घालून सरळ रस्ता ओलांडून आली. मागून वहिनी ओरडल्या, "मने! माघारी ये! तंगडं मोडीन!" ती वळलीसुद्धा नाही. तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "भूत कुठं आहे?"

"खूप आहेत. कोणतं पाहिजे?"

"सगळी," म्हणाली आणि तुमच्या पायांमधून आत शिरली!

आत तिनं सगळं हात लावून बघितलं. "हा माठ आहे. ही ट्यूब आहे. हा तर भोपळाच आहे!" एकेक भूत ओळखून ती मोठ्यानं बाहेर सांगत होती आणि बाहेरची पोरं एकेक करून आत येत होती. घर इतकं भरलं की पणत्या विझायला लागल्या. मी प्रत्येकाला गव्हांकुराच्या रसात गूळ-लिंबू घालून भुताचं सरबत दिलं. पोरं तोंडं वेडीवाकडी करून प्यायली आणि हिरव्या जिभा एकमेकांना दाखवत सुटली.

मग वहिनी आल्या, मनीषाला ओढून न्यायला. दारात थबकल्या. पदर तोंडाला लावला, आणि आल्या एकदाच्या आत. मी त्यांच्या हातात ग्लास दिला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "अगं बाई, हे काय कडूजहर! भाऊ, तुम्ही हे रोज पिता?" आणि खाली बसल्या. माझ्या घरात, माझ्या चटईवर बसल्या हो!

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मनीषानं बाहेरूनच हाक मारली, "काकू, सरबत आहे का?" त्यानंतर या घराचं दार दुपारी कधी बंद राहिलं नाही. आपल्याला मूल झालं नाही, ते नाहीच झालं. पण पोरं टिकत नाहीत असं पुन्हा या घराला कोणी म्हटलं नाही.

आता तुमच्यावरचा राग सांगू? एवढे रस प्यायलात, मग इतक्या लवकर का गेलात? शंभर वर्षं जगणार होतात ना? शेवटच्या सकाळी रात्रपाळी करून आलात आणि म्हणालात, "आज चहा कर गं, साखर घालून." मी नवल करत केला. कप रिकामा करून म्हणालात, "उगाच सोडला होता इतकी वर्षं." आणि झोपलात. रात्रपाळीच्या माणसाची झोप मोडू नये म्हणून मी दुपारपर्यंत भांडंसुद्धा वाजू दिलं नाही. दाराशी आलेल्या पोरांना ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. केव्हाचेच गेलेले होतात तुम्ही, आणि मी आपली पावलं न वाजवता घरभर फिरत होते.

आणखी एक राग आहे, तो मोठा आहे. भूत नसतं हे तुम्ही माझ्या गळी उतरवलंत. माझ्या आईनं, आजीनं दिलेलं सगळं काढून घेतलंत आणि मग गेलात! तेवढा विश्वास तरी ठेवायचा होतात. मी किती वाट बघितली, माहीत आहे? पाळी सुटायच्या वेळेला दाराची कडी काढून बसले. मागच्या खोलीत अंधार करून उभी राहिले. लाज सोडून तुमचं नाव घेऊन हाक मारली, पहिल्यांदाच, कोणी अडवलेलं नसताना. नळावरच्या बायका म्हणतात ते खरं असतं तर मी हे घर सोडून गेले असते का?

सुरेखा परवा पुन्हा येणार आहे. तिच्या नवऱ्याला मी निरोप पाठवलाय, तिला घेऊनच ये म्हणून. तुम्हाला शब्द देते, मी तिचा हात धरून तिला आत आणीन. गोणपाटं नाहीत की भोपळे नाहीत, तेवढी उमेद आता माझ्यात राहिली नाही. नुसती दारं-खिडक्या उघडीन आणि तिला एकेक खोली दाखवीन. आणि रडणार नाही. तिला सांगेन, पोरी, बिनघोर राहा. बाळ सुखानं वाढव. इथं कोणी नाही. मी सगळीकडे बघितलंय.

तुमची,
शकू