मागच्या बैठकीचा वारस

हे लिहायला मी नऊ दिवस टाळाटाळ केली, ते आधीच कबूल करते. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं, तर कागदावर होडीचं चित्र काढत बसले. मग तपासण्या आल्या, मग पाहुणे, मग उगाचच. आज शुक्रवार. उद्या सकाळी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही, आणि म्हणता म्हणता तीन कागदांवर सह्या घेतात. तेव्हा एक कागद माझ्या बाजूनेही असावा.

तर मी, जिला घरी भिंगरी म्हणतात आणि तळ्यावर ताई, वय सत्तावीस, शिक्षण अर्धवट, धंदा एका जागी नाही, पूर्ण शुद्धीवर असून, कोणी धाकदपटशा वा लाडीगोडी केलेली नसताना, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते खाली लिहून ठेवते. (मी आधी ‘शुद्धीमध्ये’ लिहिलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी ते बदलायला लावलं. त्या कोर्टात कारकून होत्या. गुडघा बदलून पडल्या आहेत, पण कान आणि जीभ जागच्या जागी आहेत.)

कलम १. घर. मला घर नाही. आईच्या घरातली जिन्याखालची खोली माझी आहे असं बोललं जातं. ती दादाला द्यावी, नाहीतरी त्याने तिथे सायकलचे टायर भरलेच आहेत. दादाचं म्हणणं, ‘ही कुठे टिकत नाही.’ खरं आहे. मी तंबू शिवले, जहाजांना रंग लावला, डोंगरावरच्या एका मुक्कामात भांडी घासली, एकदा तर नुसती कोणाच्या तरी ट्रकमध्ये बसून समुद्र बघायला गेले आणि चार महिने परत आले नाही. तिथे एका म्हाताऱ्याने मला गाठी शिकवल्या, ते सांगत बसले तर दुसरा कागद लागेल. पण तळ्यावर मी सहा वर्षं टिकले, दवाखान्यात येईपर्यंत एकही रविवार न चुकवता. याची दादाने नोंद घ्यावी.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आईला. आकडा बघून तिने हसू नये.

कलम ३. अवजारं. तंबू, दोर, करवत, चिकटपट्ट्या आणि स्पंज कापायची सुरी तळ्यावरच्या आमच्या रविवारच्या शाळेला. आम्ही तिथे होडी, हाताने चालवायची सायकल आणि भिंतीवर चढणं शिकवतो. शिकणाऱ्यांपैकी कोणाला दिसत नाही, कोणाचे पाय चालत नाहीत, कोणाला एक हात नाही. शिकवणारे आम्ही पाचजण फुकटचे. होडीत नीट बसता यावं म्हणून प्रत्येकाच्या पाठीच्या मापाने मी स्पंजचे तुकडे कापले आहेत. धुतल्यावर त्यांची अदलाबदल करू नये. गेल्या वर्षी ग्रंथपाल बाईंचा तुकडा गणिताच्या मास्तरांना गेला आणि मास्तर भर पाण्यात उजवीकडे कलंडले. कलंडता कलंडताही कोन किती झाला ते सांगत होते. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कलम ४. पितळी घंटा. ही होडीच्या उजव्या अंगाला बांधलेली असते आणि तिथेच राहावी. नव्याने शिकवायला येणाऱ्यांसाठी कारण लिहिते. मी सुरुवातीला ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ ओरडायचे. पण मी काठावर त्यांच्याकडे तोंड करून उभी, म्हणजे माझं डावं ते त्यांचं उजवं. ज्याला दिसत नाही अशा माणसाने ताईवर विश्वास ठेवला आणि ताईने त्याला गवतात घातलं. मग मी हुशारी केली. म्हटलं, जेवता हात आणि दुसरा हात. त्या दिवशी जोडहोडीत पुढे टेलिफोनवाल्या मावशी, मागे बेकरीवाला. मी ओरडले, “जेवत्या हाताकडे वळवा!” मावशी उजव्या हाताने जेवतात. बेकरीवाल्याचा उजवा हात पीठ मळायच्या यंत्रात गेला, तो डाव्याने जेवतो. होडी जागच्या जागी गरगर फिरू लागली. मावशी म्हणाल्या, “ताई, आम्ही कुठे चाललोय ते आम्हाला नको सांगू, तू आधी ठरव.” तेव्हापासून उजवी ती घंटा, डावी ती गप. आता तळ्यावर कोणी नवीन आलं की त्याला वाटतं भांडण पेटलंय. “गप! गप! अजून गप! आता घंटा!”

कलम ५. तळ्याच्या कचेरीतले साहेब, ज्यांनी सहा वर्षं प्रत्येक अर्जावर ‘जबाबदारी कोणाची?’ एवढंच विचारलं, त्यांना काहीही देऊ नये. (काकू म्हणतात, काही द्यायचं नसेल तर लिहायची गरज नसते. मला आहे.)

कलम ६. जोडहोडी. हे खरं कलम, आणि टाळत होते ते हेच.

होडी दोन माणसांची. पुढच्याने वल्हं ओढायचं, मागच्याने ओढायचं आणि वळवायचं. साहेबांचा नियम असा की तळं ओलांडायचं तर मागच्या बैठकीवर बचावाची परीक्षा पास झालेला माणूस हवा. उलटलेली होडी सरळ करून पुढच्याला परत आत घ्यायचं, अशी ती परीक्षा. आमच्यात पास दोघेच, मी आणि बेकरीवाला. त्याने ती एका हाताने दिली. मी तीन वेळा नापास झाले, तो पहिल्या फेरीत पास झाला आणि वर येऊन म्हणाला, “पाणी पिठापेक्षा सोपं आहे, चिकटत नाही.”

मावशी एका मोठ्या कचेरीत टेलिफोन सांभाळतात. जन्मापासून दिसत नाही. या महिन्याअखेर त्या निवृत्त होऊन दूर बहिणीकडे राहायला जाणार, जिथे पाणी नळाला येतं तेवढंच. त्यांची कचेरी तळ्याच्या काठी आहे. त्या म्हणतात, “पस्तीस वर्षं सगळे मला खिडकीतून पलीकडचा काठ सांगतायत. झाडं कशी आहेत, ऊन कसं पडलंय. आता मला त्या काठाला हात लावायचाय.” परवाच्या रविवारची परवानगी मिळाली आहे. पुढची मिळेपर्यंत त्या गेलेल्या असतील. मी इथे पडलेली. उरला बेकरीवाला, आणि तो तीन महिने तळ्यावर आलेला नाही, माझा फोन उचलत नाही.

चूक माझी. नवीन होड्या देऊ म्हणणारे पाहुणे आले होते. मी हुरळले. बेकरीवाला होडी उलटवून दाखवत होता, मी पाहुण्यांना म्हटलं, “बघा, हे एका हाताने जे करतात ते आपल्याला दोन हातांनी जमणार नाही.” टाळ्या पडल्या. मग म्हटलं, “फोटो नीट आला नाही, पुन्हा एकदा उलटे व्हा ना.” तो पुन्हा उलटा झाला. बाहेर आला, तरंगायचं जाकीट काढलं, एका हाताने व्यवस्थित घडी करून माझ्या हातात दिलं. म्हणाला, “ताई, मी होडी शिकायला येतो. लोकांचा धडा व्हायला नाही.” आणि गेला.

याच माणसाने पहिल्या दिवशी मला शहाणं केलं होतं. मी न विचारता त्याच्या जाकिटाचा पट्टा लावायला गेले, तर म्हणाला, “आधी विचारा. हात एक आहे, तोंड शाबूत आहे.” तेव्हापासून आमच्याकडे ‘हात लावू का?’ विचारल्याशिवाय कोणी कोणाला हात लावत नाही. हा नियम मी सगळ्यांना शिकवला, आणि त्यालाच न विचारता लोकांपुढे उभं केलं.

म्हणून मी असं लिहिलं होतं: जोडहोडी बेकरीवाल्याला, या अटीवर की त्याने रविवारी मावशींना पलीकडे न्यावं. काकूंना वाचून दाखवलं.

काकूंनी चष्मा काढला. “अगं भिंगरे, मृत्युपत्र कधी लागू होतं?”

“कधी?”

“माणूस गेल्यावर. रविवारी तुझ्या मावशींना पलीकडे न्यायचं तर शनिवारी तुला मरावं लागेल. डॉक्टरांना विचारलंस का?”

मी पेनाला टोपण लावलं.

“आणि अट घातलीस म्हणजे काय झालं? होडीची लाच. त्याला होडी हवी होती का?”

“नाही.”

“मग त्याला जे हवंय ते दे. त्याला कोर्ट लागत नाही.”

अट खोडली आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे, काकूंनी करायला लावली. आता कलम असं: जोडहोडी बेकरीवाल्याला, विनाअट. आणि हे मरायची वाट न बघता: मी तुम्हाला माणसासारखं न वागवता नमुन्यासारखं दाखवलं. तुम्ही मला पाण्यात जे शिकवलं ते मी कोणाकडूनही शिकले नव्हते, आणि मी ते टाळ्यांसाठी खर्च केलं. माफ करा. रविवारी आलात किंवा नाही आलात, तरी ही माफी परत घेणार नाही.

हे लिहून झाल्यावर आज सकाळी मी मावशींना फोन केला आणि सांगितलं की मागच्या बैठकीला माणूस नाही, रविवार बहुतेक हुकला. हे कलमही वाचून दाखवलं. मावशी शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “बरं,” आणि फोन ठेवला. जन्मभर टेलिफोनवर बसलेली बाई समोरच्याच्या आधी फोन ठेवत नाही. मला वाटलं, रडत असतील. मावशींचे दोनच रस्ते, घर ते कचेरी आणि रविवारी भाच्याच्या स्कूटरवर तळं. अनोळखी रस्त्यावर मी पाय टाकत नाही, असं त्याच सांगतात. टेलिफोनपुढे बसून एकट्याच रडत असतील, असं वाटून मी दुपारचं औषधही विसरले.

कलम ७. माझे बूट ज्याला बसतील त्याला.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं आहे, काकूंनी दोनदा वाचलं आहे, आणि जे खोडलं ते माझ्याच मर्जीने खोडलं आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. यानंतर करायची वेळ आली तर आनंदच आहे.

सही: भिंगरी
साक्षीदार: १) शेजारच्या खाटेवरच्या काकू, निवृत्त कोर्ट कारकून. २) वॉर्डातल्या सिस्टर. (दोघींना यात काही दिलेलं नाही. काकूंनी बूट मागितले होते, बसले नाहीत.)
ठिकाण: दुसरा मजला, खिडकीकडची खाट
दिवस: शुक्रवार, दुपारी साडेतीन

सह्या झाल्यावरची भर: सिस्टर सही करून खाली गेल्या होत्या, त्या आत्ता धावत परत आल्या. म्हणतात, दारावर एक बाई आल्यात, हातात पांढरी काठी, दोन बस बदलून आधी बेकरीत गेल्या, तिथून इथे. भेटायची वेळ नाही म्हणून पहारेकरी अडवतोय, आणि बाई त्यालाच विचारतायत, जबाबदारी कोणाची ते सांग, त्यांच्याशी फोनवर बोलते. बरोबर एक माणूस आहे, अंगभर पीठ. तो भांडत नाहीये, नुसता उभा आहे. त्याने सिस्टरना एवढंच सांगितलं, “वर येऊ का, ते ताईंना विचारून या.”