तुमच्या नातीचा चावा

बाबा, तुमच्या नातीनं तिच्या वर्गशिक्षिकेला चावा घेतला. तुम्ही गेल्यावर अकरा वर्षांनी ती झाली, आता तिसरीत आहे. ओळख करून द्यायला याहून बरा प्रसंग मला सापडायला हवा होता, पण घडलं ते असं. बाईंनी सांगितलं, वही काढ, तारीख लिही आणि फळ्यावरचं उतरव. पोरगी नुसती बसून राहिली. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर बाईंनी तिचा जबडा धरला, बोटं गालांत रुतवली आणि तोंड वर केलं. "बोल ना! मुकी आहेस काय?" तेव्हा हिनं बाईंच्या अंगठ्याखालचं मांस दातांत धरलं आणि सोडलं नाही. शेजारच्या वर्गातल्या बाई धावत येईपर्यंत हिच्या युनिफॉर्मची कॉलर रक्तानं भिजली होती. रक्त हिचं नव्हतं.

मुख्याध्यापिकेनं मला बोलावलं. "मॅडम, पोरगी मंद नाही हो. गॅदरिंगमध्ये अख्खं स्तोत्र म्हणते. येते तिले सगळं, करून नाही राहिली. दुसरी शाळा पाहा आता." शाळेच्या समुपदेशकानंही वीस मिनिटं तिच्याकडे बघून हेच दोन ओळींत लिहिलं होतं: हट्टी, हिंसक. मी एक महिना मागून घेतला. म्हटलं, शाळेशी संबंध नसलेल्या कुणाकडून तिची वाचा-भाषेची तपासणी करून आणते. मुदत मागितली खरी, पण मनातून मलाही ती हट्टीच वाटत होती. स्तोत्रं मीच पाठ करून घेतली होती ना, आणि तुमच्याच पद्धतीनं.

तुमची पद्धत मला पाठ आहे. सक्करदऱ्याचं घर, स्वयंपाकघरात मी पाटावर आणि तुमच्या हातात रूळ. संस्कृत तुमचं शुद्ध, मारताना मात्र तुम्ही थेट वऱ्हाडीत उतरायचे. "काहून वं, तोंडात काय भरून राहिली?" आणि रूळ बोटांच्या पेरांवर. एका सकाळी एक चरण तीनदा चुकला. तुम्ही माझा जबडा धरून डोकं भिंतीवर आपटता. ओठ फाटतो. आई वरण ढवळते आहे, वळून बघत नाही. तुम्ही म्हणता, "पुन्हा." मी रक्त गिळून पुन्हा म्हणते, आणि या वेळी चरण बरोबर येतो. तुमची पद्धत सिद्ध झाली, बाबा. प्रयोगाला दुसरी मुलगी नव्हती म्हणून कुणी शंका घेतली नाही. संध्याकाळी तुम्ही संत्राबर्फी आणलीत. तोंड उघडत नव्हतं, तरी मी ती खाल्ली.

गेल्या उन्हाळ्यात मी हिला म्हटलं, कूलरमध्ये पाणी टाक आणि मग दार लाव. तिनं दार लावलं आणि उभी राहिली. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा दारापाशी. दहा मिनिटांपूर्वी हिनं चाळीस श्लोक एका दमात म्हटले होते, आणि आता दोन कामं ऐकू येत नाहीत? मी तिचा जबडा धरला आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदाच नाही. ती रडली नाही. माझ्याकडे बघत तिनं स्तोत्र पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, एकही अक्षर न चुकता. मला तो उद्धटपणा वाटला. मी आणखी एक लगावली.

तपासणी बेसा रोडवर झाली, दोन दिवस. थेरपिस्ट म्हणजे माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. तिनं टेबलावर मणी, कप आणि पुस्तक मांडलं. "लाल मणी कपात टाक, मग पुस्तक बंद कर." हिनं पुस्तक बंद केलं. क्रम उलटा केला, तर हिनं फक्त मणी टाकला. दर वेळी शेवटचं तेवढं. "मॅडम, ती ऐकते," थेरपिस्ट म्हणाली, "पण लांब सांगितलं की सुरुवातीचं तिच्या हाती राहत नाही. पाठांतर वेगळं. चाल आली की ते आपोआप येतं. समजतंच असं नाही." मी एम.ए.ला संस्कृत शिकवते, बाबा. पाठ असणं आणि समजणं यांतला फरक मला त्या थेरपिस्ट पोरीनं सांगितला. मग तिनं एक फॉर्म पुढे केला. त्यात प्रश्न होता, घरी मुलाला मारलं जातं का? लेक शेजारी बसून मणी ओवत होती. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, नाही.

अहवाल उत्तम आला. भाषा समजण्यात अडचण आहे, एका वेळी एकच सूचना द्यावी, सोबत चित्र दाखवावं. घरचं वातावरण पोषक. चावणं ही शाळेत जबडा धरल्याची प्रतिक्रिया. मुख्याध्यापिकेनं सगळं मोठ्यानं वाचलं, मुलगी शाळेत राहील म्हणाली आणि वर्गशिक्षिकेला आत बोलावलं. त्यांच्या अंगठ्याखाली अजून दातांची रांग दिसत होती. त्यांनी हात जोडले. "ताई, माझं चुकलं. लेकराच्या मनात भीती मीच घातली." मी म्हटलं, "असू द्या, होतं असं." आणि ती माफी घेऊन मी घरी आले.

हे पत्र त्या बाईंना लिहायला बसले होते. वर तुमचं नाव घातलं, कारण तुम्ही वाचणार नाही.