हत्तीच्या थरथरत्या रेघा

सर, तुम्ही होतात तोवर तुम्हाला मी एक ओळही लिहिली नाही. अंधेरीच्या त्या कार्टून स्टुडिओत आपली टेबलं शेजारी होती, लिहायची वेळच आली नाही. घरोघरी रंगीत टीव्ही नुकते येत होते, आणि मी चित्रकलेचा कोर्स संपवून घाटकोपरहून कामाला यायला लागले होते. पहिल्याच दिवशी मी काढलेली म्हैस तुम्ही टेबलाच्या काचेवर ठेवलीत, खालचा दिवा लावलात. "छान आहे. पण ही उभी नाहीये गं, टांगलीय." दुसऱ्या दिवशी मला आरे कॉलनीतल्या गोठ्यात नेलंत आणि दुपारभर पेन्सिलला हात लावू दिला नाहीत. म्हैस बसते तेव्हा पोट कसं पसरतं, उठताना पाठ कशी ताणली जाते, नुसतं बघायचं. "पसरव, ताण, काय हवं ते कर, पण म्हैस तेवढीच राहिली पाहिजे. आधी वजन काढ, शिंगं-डोळे मग." परत आल्यावर दोन गोल काढलेत, ते जोडणारी एक वाकडी रेघ; तेच थोडं थोडं बदलत आणखी चार कागदांवर. पाच कागद बोटांत धरून भराभर उलटलेत. म्हैस उठली. मी मोठ्याने हसते आहे आणि तुम्ही म्हणताय, "हसू नको, सहावा काढ."

मग बिस्किटांच्या जाहिरातीतला हत्ती आला. हालचालीतली मुख्य चित्रं तुमची, त्यांना जोडणारी मधली माझी. तुमचा उजवा हात थरथरायला लागला होता. डाव्या हाताने मनगट दाबून धरायचात. तुम्ही जेवायला गेलात की मी तुमच्या रेघा गुपचूप सारख्या करायचे. एकदा दोन दिवस तापाने घरी राहिले, आणि त्या दोन दिवसांतली तुमची चित्रं तशीच कॅमेऱ्याखाली गेली. पडद्यावर स्वस्थ उभा असलेला हत्ती थंडी वाजल्यासारखा कापत होता. तुम्ही चहाला गेला होतात. मालकांनी विचारलं, "हे काम कोणाचं?" माझं म्हटलं असतं तर नवीन मुलगी म्हणून खपून गेलं असतं. मी म्हणाले, "सरांचं." आणि कोणी न विचारता पुढे बोलले, "बरेच दिवस असंच आहे. मीच सारखं करते."

आठवड्याभरात तुम्हाला घरी आराम करायला सांगितलं आणि तुमचं टेबल मला मिळालं. जाताना त्याची काच तुम्हीच पुसलीत. "मालकांची नजर तयार आहे. लपणार थोडंच होतं?" मी मान डोलावली. मुलुंडला तुमच्याकडे दोनदाच आले. दुसऱ्यांदा तुम्ही कप दोन्ही हातांनी धरला होतात, तरी चहा बशीत सांडत होता. "सध्या कुठलं जनावर?" विचारलंत. वर्षभरात तुम्ही गेलात.

परवा तुमच्या घरी काकूंकडे गेले होते, हेच सांगायला. आता त्यांना नीट दिसत नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हे शेवटपर्यंत म्हणायचे, पोरीने माझ्या रेघा झाकल्या, कुणाला कळू दिलं नाही." म्हणजे झाकत होते ते तुम्हाला माहीत होतं. मालकांना मीच सांगितलं, ते नव्हतं. त्यांनी चिवड्याची बशी पुढे केली. मी खाल्ला, आणि त्यांचं बोलणं खोडलं नाही.

तोंडाने जमलं नाही म्हणून हे लिहिलं. त्यांच्या सुनेकडे द्यावं, ती वाचून दाखवेल, असं ठरवलं होतं. देणार नाही, सर. त्या घरात माझ्याबद्दल चांगलं बोललं जातं, ते मला अजून हवं आहे.