गाईची धार आणि नगराध्यक्षांचं नाक

प्रिय योरिस,

नील्त्ये हे पत्र पावात घालून तुला देईल. तुरुंगाच्या पहारेकऱ्याची बायको असली तरी ती आपली आहे. पाव जरा बघून चाव.

घरी बरं चाललंय. आपली कातलाइन हेरिंग मासळीला नाक मुरडते आणि बाबा कधी येणार म्हणून माझं डोकं खाते. छापखान्याला अजून कुलूपच आहे. गल्लीतले लोक मात्र त्या चित्रावरून अजून हसतात. कुंपणाच्या बागेत लठ्ठ गाय, म्हणजे आपला देश. शेजारी सिंह, म्हणजे आपण सगळे, स्वातंत्र्याची टोपी डोळ्यांवर ओढून घोरत पडलेला. आणि एक गृहस्थ एका हाताने गाईची धार काढतोय, दुसऱ्या हाताने शत्रूला फाटक उघडून देतोय. त्याचं नाव कुठे लिहिलं होतं? नगराध्यक्षच धावत आले, "हे माझं नाक आहे" म्हणून! स्वतःला ओळखायची एवढी घाई मी कुणाची पाहिली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा कारकून आला. "छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला तो चेहरा घासून काढा, तिथे एखादा स्पॅनिश सरदार बसवा, नवरा दुसऱ्या दिवशी घरी," म्हणाला. आपल्या धंद्यात हे नवं नाही. राजा बदलला की जुन्या पत्र्यावर घोडा तोच ठेवून वरचं डोकं बदलायचं, हे आपणही केलंय. तुझाही निरोप आला, "हिले, घासून टाक, मला खोकला झालाय." मला रडूच आलं. घासायला बसलेही, पण हात चालेना. त्या नाकावर मी अख्खा हिवाळा घातला होता. तू शाई लावलीस, छापलंस आणि रिवाजाप्रमाणे खाली तुझं नाव घातलंस. तेव्हा मी काही बोलले नाही. पण माझ्या कामासाठी तू आत बसावंस हे मला पटत नाही, आणि ते काम पुसणंही पटत नाही.

म्हणून आज सकाळी मी थेट नगरसभेत गेले. चित्र मी कोरलं, असं सांगितलं. सगळे खो खो हसले. "बाई, नवऱ्याला सोडवायला जरा बरी थाप शोधा," न्यायाधीश म्हणाले. मी कोरणी काढली, पत्र्याचा तुकडा टेबलावर ठेवला आणि नगराध्यक्षांना म्हटलं, "जरा उजेडाकडे तोंड करा." चामखिळीसकट तेच नाक त्यांच्यासमोर पुन्हा कोरून दिलं. मग कुणी हसलं नाही.

उद्या तुला उभं करून विचारतील. तू मायेपोटी "ती खोटं बोलते, मीच कोरलं" म्हणशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून तर हे लिहितेय. तसं म्हणू नकोस. घरी ये, लेकीला सांभाळ, खोकल्याला मध घे. मला गावाबाहेर काढतील. काढू देत. छापे जाळतील, पत्रा काही त्यांच्या हाती लागायचा नाही. पण निकाल त्यांना भर चौकात वाचावा लागेल, आणि हे चित्र हिलेगोंड नावाच्या बाईने कोरलं, असं मोठ्याने म्हणावं लागेल. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामावर माझं नाव येतंय. तिथे आता तू तुझं नाव घालू नकोस, योरिस.

तुझीच, आणि कुणाच्या बापाला न भिणारी,
हिलेगोंड