माझ्या वतीने

३ जून
आज कामावर रुजू झाले. दुकान एकदम झकास. समोर चपलांचं दुकान, वरच्या मजल्यावर दाताचा डॉक्टर, आणि आत पाऊल टाकलं की गारेगार. काचेच्या टेबलांवर फोन मांडून ठेवलेत, प्रत्येकाला मागून तार बांधलेली, जणू सोडले तर पळून जातील. मागच्याच गल्लीत खोलीही मिळाली. एक खिडकी, एक खाट, कोपऱ्यात मोरी. आई आणि चिमणी आल्या की मोठी खाट लागेल. तोवर माझी लेक आईकडेच. निघताना ती रडली नाही, मीच रडले. शेवटी सहा वर्षांच्या पोरीने माझी समजूत काढली.

संध्याकाळी घरी फोन केला. काय जेवलीस, हे आईने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा खोटं सांगितलं.

८ जून
नव्या फोनचं आता कुणाला काही अप्रूप राहिलेलं नाही. लोक येतात, फोन उचलतात, उलटापालटा करून बघतात आणि विचारतात, यात नवीन काय? मी पाठ केलेलं म्हणून दाखवते. कॅमेरा, बॅटरी, पडदा. शेजारणीच्या मुलाचे मार्क ऐकावेत तशी ते मान हलवतात आणि बाहेर पडतात. आज एक आजोबा म्हणाले, माझा जुना फोन वाजतो, मी उचलतो, पलीकडचा बोलतो, याहून जास्त नवा काय करणार? मी दाखवायचा फोन परत जागेवर ठेवला. माझ्याच फोनचा कोपरा फुटलाय, मागे चिकटपट्टी आहे. काउंटरवर माझ्यासोबत असतो तो लंबू (खरं नाव कुणीच घेत नाही) म्हणाला, हा खिशातून काढत जाऊ नकोस, गिऱ्हाईक घाबरेल.

१५ जून
नवं मॉडेल आलं. बाहेरून तेच ते. पण आत 'माझ्या वतीने' नावाची सोय आहे. फोन काही दिवस तुमचं बोलणं ऐकतो, तुमचा आवाज शिकतो, आणि तुम्ही कामात असलात की तुमच्याच आवाजात फोन घेतो. मालक खुशीत होते. म्हणाले, एकदाचं विकण्यासारखं काहीतरी आलं. लंबूला आणि मला एकेक वापरायला दिला, म्हणजे गिऱ्हाइकांना अनुभव सांगता येईल. खरं सांगायचं तर खोका उघडताना मलाच अप्रूप वाटलं. कित्येक वर्षांत कुठल्या वस्तूचं असं वाटलं नव्हतं.

२४ जून
दिवसभर मान वर करायला फुरसत नव्हती. आईचे फोन नव्या फोननेच घेतले. खोलीवर आल्यावर ते बोलणं ऐकलं. मीच होते. माझं 'हो गं बाई', माझं मध्येच खाकरणं. आईने गुडघ्याचं रडगाणं लावलं तेव्हा मी म्हटलं असतं, तेल लाव आणि पड जरा. त्याने विचारलं, चढताना जास्त दुखतो का उतरताना? मग चिमणीला एक गोष्ट सांगितली, विहिरीत राहणाऱ्या मुंगीची. मला अशी कुठली गोष्ट येत नाही.

आई नंतर म्हणाली, आज कशी छान निवांत बोललीस. मी विषय बदलला.

२ जुलै
संध्याकाळी मी स्वतः फोन केला. आई म्हणाली, अगं, आत्ताच तर ठेवलास. मी ही सोय फक्त दुकानाच्या वेळेपुरती लावली होती. चिमणीने मुंगीचं पुढे काय झालं ते विचारलं. मी आपलं काहीतरी रचून सांगितलं. तिने मला मध्येच तोडलं. मग म्हणाली, नीट सांग ना, दुपारच्यासारखं.

सोय बंद करून टाकली. पडद्यावर 'बंद' असं लिहून आलं.

५ जुलै
बंद असूनही आईशी रोज बोलणं होतंय. मी नाही बोलत. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, बंदच आहे की, मग तक्रार कसली? आईला सगळं खरं सांगितलं, तर ती हसली. पोटच्या पोरीचा आवाज मला कळत नाही होय, म्हणाली.

लंबू आता घरी जात नाही. मागे खोक्यांच्या खोलीत झोपतो. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. बायकोचे फोन यायचे थांबले म्हणून तो एक दिवस दुपारीच घरी गेला, तर जिन्यातच तिचं हसू ऐकू आलं. आणि त्याचा स्वतःचा आवाज. स्वयंपाकघरातून. मी म्हटलं, फोन स्पीकरवर असेल. तो म्हणाला, सोबत भांडी पुसून फळीवर लावल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, मी आजवर घरात एक भांडं पुसलेलं नाही. तो दार न वाजवताच परत आला.

९ जुलै
फोन सिमसकट पाण्याच्या बादलीत बुडवला. मेला. चपलांच्या दुकानातून आईला फोन लावला. तिचा सूर परक्याशी बोलावं तसा. म्हणाली, मुलीने मला आधीच सांगून ठेवलंय, तिच्या आवाजात कुणीतरी फोन करेल, बोलायचं नाही. मी तिला आमच्या घरातल्या गोष्टी सांगत सुटले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाई, तुम्हालाही घरदार असेल, असं कुणाला छळू नये.

फोन ठेवला तिने. मला 'बाई' म्हणाली.

१० जुलै
लंबू आला नाही. मालक म्हणतात त्याचा फोन आला होता, नोकरी सोडली, घरी मजेत आहे. खोक्यांच्या खोलीत त्याची पिशवी तशीच. चष्मा तसाच. चष्म्याशिवाय त्याला समोरचा माणूस दिसत नाही.

दुकानात रांग आहे. सगळ्यांना हाच फोन हवाय.

११ जुलै
मिळेल त्या बसने घरी गेले. दाराला कुलूप. शेजारच्या मावशी बाहेर आल्या, माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, अगं, कालच तर न्यायला आली होतीस. चिमणीला कडेवर घेतलंस, आईला हात धरून पायऱ्यांवरून उतरवलंस —

मी विचारलं, ती मीच होते? नीट पाहिलंत?

मावशींनी दार लावून घेतलं. आतून कडी.

१२ जुलै
खोलीवर परतले, तिथेही कुणी नाही. दुसरीकडे कुठे — चपलांच्या दुकानातून आईचा नंबर पुन्हा लावला. चिमणीने उचलला. मी एवढंच म्हटलं, चिमणे, मी आई.  मागे नळ चालू होता. मग तिने तोंड फोनपासून दूर नेऊन, अजिबात न घाबरता, घरातल्या माणसाला सांगावं तसं —

आई, कुणीतरी बाई आहे. तुझ्यासारखं बोलतेय.

नळ बंद झाला. पावलं आली. फोन कुणीतरी हातात घेतला. माझ्याच आवाजात, अगदी प्रेमाने, विचारलं, कोण हवंय आपल्याला?

मी बोलायला गेले. ओठ हलले. आवाज नाही — तेव्हापासून नाही. पाणी प्यायले. ओरडून पाहिलं. नुसती हवा.

चपलांचा दुकानदार म्हणतो पोलिसांकडे जा, सगळं लिहून न्या. इथेच लिहिते, वही दाखवीन. मुलगी हरवली आहे. वय सहा. केस आखूड, डाव्या गालावर तीळ. हाक मारायचं नाव चिमणी. खरं नाव — मीच ठेवलंय, मला येतं — खरं नाव